अप्पांची गाडी आता कोण चालवणार?

पत्र

ताई, नमस्कार.

मी मिरजेत राहतो. छोट्या रेल्वेचा, म्हणजे मॉडेल रेल्वेचा छंद मला अप्पांनी लावला. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि माझ्यापेक्षा बरेच मोठे होते. त्यांच्या मागच्या खोलीत आम्ही दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे आमच्या भागातली जुनी नॅरोगेज लाइन, छोट्या आकारात उभी केली. कुर्डुवाडी, पंढरपूर आणि मिरज झालं होतं. कवठे महांकाळचे रूळ टाकले होते, स्टेशन बांधायचं राहिलं. दोन महिन्यांपूर्वी अप्पा झोपेतच गेले.

आमची शेवटची भेट भांडणात संपली. मला सगळा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांची ही मांडणी, डीसीसीवर (गाड्या डिजिटल हुकुमाने चालवण्याच्या पद्धतीवर) न्यायची होती आणि त्यांना ते नको होतं. मी रागाने निघून आलो, त्यानंतर ते असेपर्यंत गेलोच नाही.

काकू म्हणतात, हे सगळं तू घेऊन जा. त्यांचा पुण्याचा मुलगा म्हणतो, खोली दिवाळीपर्यंत मोकळी हवी, घराचं काम काढायचं आहे. आमच्या छंदातले पाचसहा जण शोकसभा घ्या म्हणताहेत. मी दोनदा त्या खोलीत गेलो, पण खटका दाबायला हात धजला नाही. घरी बायको समजून घेते. बाकीचे म्हणतात, खेळण्यातल्या गाड्यांसाठी एवढं काय? आणि परवा अप्पांच्या नावाचं एक पार्सल आलं. त्यांनी मागवलेली चाकं असावीत. काकूंनी ते न उघडताच माझ्या हातात दिलं.

मी काय करू?

— एक वाचक, मिरज

उत्तर

नमस्कार.

आपल्याकडे दुःखाचं माप नात्यावरून ठरतं. कुणाला दहा दिवसांचं सुतक, कुणाला तीन दिवसांचं, कुणी नुसती आंघोळ करून मोकळं. छंदातल्या मित्रासाठी यात जागाच नाही. दहाव्याला तुम्ही घाटावर मागे कुठेतरी उभे राहिला असाल आणि कुणी तुम्हाला पुढे बोलावलं नसेल. म्हणून आधी एवढंच सांगते, की तुमचं दुःख खरं आहे आणि ते कुणाला पटवून देण्याची गरज नाही. डब्याच्या रंगाची छटा जराशी चुकली तर ती ओळखणारा एक माणूस तुमच्या आयुष्यात होता. उद्या तुम्ही ती छटा बरोबर साधलीत, तरी साधली हे कळणारं घरात कुणी नाही. ज्याला असा माणूस कधी मिळाला नाही, त्याला हे नुकसान दिसत नाही. त्यांच्यावर रागावू नका आणि त्यांना समजावतही बसू नका.

तुम्ही दोघांनी जी लाइन निवडलीत, तिच्याच उगमापाशी मैत्रीची एक गोष्ट आहे. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. अडीच फुटी रूळ, दर आसावर पाच टनांचीच मर्यादा, आणि ती मर्यादा इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळ्यांना सारखी. एवढ्या शिस्तीवर त्यांनी १८९७ साली बार्शीला आगगाडी आणली. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध रुळांवर गेला नाही. चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधले रोल्स, त्यांचे मित्र होते. १२ जुलै १९१० रोजी इंग्लंडमध्ये बोर्नमथ इथे विमान कोसळून रोल्स गेले. त्यानंतर कॅलथ्रॉप वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याच्या मागे लागले आणि 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्यांनी घडवलं. रुळांचा माणूस आभाळात गेला तो एका मित्रापायी. १९२७ साली, बार्शी लाइट मिरजेपर्यंत पोचली त्याच वर्षी, ते वारले.

हे सांगते, कारण तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींशी झगडताना दिसतात. एक म्हणते, सगळं आहे तसं राहू दे, हात लावू नको. दुसरी म्हणते, हे सहन होत नाही, सगळं उचलून कुठेतरी देऊन टाक. मी दोन्हीच्या विरोधात आहे. अप्पांची आठवण ठेवायची तर त्यांची गाडी चालली पाहिजे. रोज नाही, पूर्ण लेआउटवरही नाही, पण चालली पाहिजे. काचेच्या कपाटात ठेवलेलं इंजिन ही फक्त सुंदर वस्तू असते. रुळावर एका जागी अडखळणारं, मग बोटाने किंचित ढकलावं लागणारं इंजिन पाहिलं की अप्पा आठवतात, कारण ते कुठे अडखळतं आणि का, हे त्यांना पाठ होतं.

पण खटका दाबण्याआधी एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात सगळं सत्त्याऐंशी पटींनी लहान होतं. म्हणजे खरा एक किलोमीटर साधारण साडेअकरा मीटरचा. कुर्डुवाडी ते पंढरपूर हे बावन्न किलोमीटर प्रामाणिकपणे मांडायचे तर सहाशे मीटर लांबीची खोली लागेल. अप्पांकडे घरामागची एक खोली होती. त्यामुळे त्यांनी काय मांडलं यापेक्षा काय गाळलं आणि काय ठेवलं, यात ते सापडतील. मोडनिंब का गाळलं? पंढरपूरच्या फलाटाला जास्त जागा का दिली? आषाढीच्या जादा गाड्यांसाठी असेल, की लहानपणी आजोबांचं बोट धरून ते तिथे उतरले होते म्हणून असेल? मिरजेच्या यार्डात त्यांनी तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी टाकले असणार. मीटरगेजला बारा मिलिमीटर, नॅरोगेजला नऊ मिलिमीटर, ही दोन्ही मापं हिशेबाला जवळपास तंतोतंत बसतात. आपली ब्रॉडगेज मात्र या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी आणि बाजारात मिळतो साडेसोळाचा रूळ. ही पावणेतीन मिलिमीटरची खोट भारतीय रेल्वे मांडणाऱ्या प्रत्येकाला छळते. अप्पांनी ती सोसली, की हाताने रूळ बसवून दुरुस्त केली? केली असेल तर किती संध्याकाळी त्यात गेल्या असतील! हे सगळं आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. वर्षभराने त्यातलं निम्मं उरेल.

म्हणून एक जाड वही घ्या. कुर्डुवाडीपासून सुरुवात करा आणि रुळाच्या कडेने मिरजेपर्यंत या. दिसेल त्याच्याबद्दल जे आठवेल ते लिहा: हे कडुलिंबाचं झाड कशाचं केलं, मालधक्क्यावरची पोती कशाने भरली, पाण्याची टाकी कुठल्या फोटोवरून बनवली, तो सांधेवाला कुणासारखा दिसतो. जिथे आठवत नाही तिथे कोरी जागा सोडा आणि काकूंना विचारा. अप्पांच्या शाळेतल्या शिपायाला, जुन्या विद्यार्थ्यांना, कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या कुणाला ते भेटायला जायचे का, तेही विचारा. अशी माणसं आता वयस्कर आहेत. ती लाइन ब्रॉडगेज झाली, तिच्यावर काम केलेले हातही कमी होत चालले. अप्पांनी त्यांच्याकडून ऐकलेलं जे काही होतं, ते वहीत आलं तर ती एका छंदिष्टाच्या आठवणींच्या कितीतरी पलीकडे जाईल. मला तर वाटतं, लेआउटचं पुढे काहीही होवो, ही वही टिकली पाहिजे.

मग मोबाइल घेऊन पाटाखाली, म्हणजे लेआउट ज्या फळ्यांवर बसवला आहे त्यांच्या खाली, शिरा. वायरिंगचे फोटो काढा आणि कुठली तार कुठल्या सेक्शनची, कुठल्या सांध्याची, याच्या चिठ्ठ्या तारांनाच बांधा. घरच्या लेआउटचं वायरिंग बहुतेकदा ज्याने केलं त्यालाच कळतं. अप्पांनी कुठे नकाशा काढून ठेवला असेल तर उत्तम. शाळामास्तर होते, पाठकोऱ्या कागदावर नक्की असेल. त्यांच्या ड्रॉवरमधला एकही चिटोरा तपासल्याशिवाय टाकू देऊ नका.

एवढी घाई का, ते एका उदाहरणाने सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते. घराच्या तळघरात त्यांनी उभा केलेला डोंगरदऱ्यांचा लेआउट जगभरच्या छंदिष्टांनी फोटोंमधून पाहिलेला होता. ६ जानेवारी १९७३ रोजी ते हृदयविकाराने गेले. दहाच दिवसांनी त्या घराला आग लागली आणि लेआउटचा बराचसा भाग नष्ट झाला. आज त्यांचं नाव कशामुळे आहे? त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंमुळे, आणि डबे शंटिंग करण्याच्या एका कोड्यामुळे. 'टाइमसेव्हर' म्हणतात त्याला. हातभर फळीवर रूळ बदलायचे पाच सांधे आणि मोजके डबे, कमीत कमी हालचालींत प्रत्येक डबा आपापल्या जागी न्यायचा. ते कोडं आजही लोक बनवतात आणि खेळतात. तुम्ही अजून कधी बनवलं नसेल तर हिवाळ्यात बनवून बघा. (आणि जाता जाता, अप्पांचे जुने ट्रान्सफॉर्मर वापरण्याआधी एखाद्या वायरमनला दाखवा. खोलीतून बाहेर पडताना प्लग काढा. दोन महिने बंद खोलीत उंदरांनी तारा कुरतडल्या असतील तर कळणारही नाही.)

आता खटका. तो एकट्याने दाबू नका. काकूंना सांगा, रविवारी गाडी चालवून बघायची आहे, तुम्ही खोलीत असाल का? त्या कदाचित येतील, कदाचित स्वयंपाकघरातूनच ऐकतील. दोन्ही चालेल. त्यांना अप्पांचा छंद आवडायचा की त्याचा वैताग यायचा, हे गृहीत धरू नका. दोन्हीही असू शकतं आणि एकाच दिवशी असू शकतं. "हे सगळं तू घेऊन जा" असं त्या म्हणाल्या, ते खोलीतली शांतता सहन न होऊन म्हणाल्या असतील. गाडी एकदा फिरल्यावर त्यांनाच पुन्हा विचारा. तेव्हा जे उत्तर मिळेल ते खरं माना.

त्या दिवशी फार मोठं काही करायला जाऊ नका. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यांत पुढे घाण साठते. इंजिनाचं तेल सुकलं असेल, एक थेंब पुरे. मिरजेच्या यार्डातच मागे-पुढे करा. अप्पांनी किटसन कंपनीच्या, एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांच्या टँक इंजिनाचं मॉडेल बनवलं असेल आणि ते पंढरपूरच्या वळणावर घसरत असेल, तर पहिल्या दिवशी त्याला तिकडे नेऊच नका. डोळे भरून आले तर रेग्युलेटर शून्यावर आणा, बसा, चहा घ्या. परत लावा.

भांडणाबद्दल. मला वाटतं, तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तेच आहे, आणि तुम्ही ते दोन ओळींत उरकलंत.

डीसीसी की साधा डीसी, हा वाद या छंदात ठिकठिकाणी होतो आणि दोन्ही बाजूंना जीव तोडून बोलणारी माणसं असतात. साध्या पद्धतीत रुळाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा वीजपुरवठा देतात. गाडी पुढच्या तुकड्यात जायच्या आधी चालवणाऱ्याने तिथला खटका लावायचा. डीसीसीत सगळ्या रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनात बसवलेली चिप, म्हणजे डीकोडर, आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा ऐकते. तुम्हाला दोन इंजिनं एकाच रुळावर हवी होती, आवाज हवे होते. अप्पांना बहुधा तेच खटके हवे होते, कारण खटके लावताना माणूस पूर्ण लाइनचा विचार करतो. तुम्ही दोघंही लेआउटच्या भल्याचं बोलत होतात. दोन माणसं परक्या गोष्टीवरून अशी भांडत नाहीत. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तो शेवटचा दिवस होता हे तुम्हाला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. माहीत असतं तर दोघंही वेगळे वागला असता. त्या एका संध्याकाळवरून सगळ्या रविवारांचा हिशेब लावू नका.

पण आता एक मोह होईल, त्याबद्दल सावध करते. अपराधी वाटतं म्हणून "अप्पांना नको होतं, मी जन्मात डीसीसी करणार नाही" अशी शपथ घेऊ नका. आणि ते नाहीत म्हणून लगेच डीकोडर बसवूही नका. निदान वर्षश्राद्धापर्यंत वायरिंग आहे तसं ठेवा. त्यांचे खटके त्यांच्या पद्धतीने चालवून बघा. त्यांना त्यात काय दिसत होतं ते बोटांना कळेल. नंतर जे ठरवाल ते लेआउटला काय हवं ते पाहून ठरवा. त्यांच्या जुन्या इंजिनांपैकी निदान एक तरी न बदलता ठेवावं, असं माझं मत आहे. तेही तुमच्यावर.

मुलाकडे येते. तुमच्या पत्रात तो जरा कोरडा वाटतो, तसा तो नसावा. वडील गेले, आई एकटी आहे, घराचं काम काढायचं म्हणजे आईची सोय तो बघतोय. ज्या खोलीत वडील तासन्‌तास बंद असायचे, तिच्याबद्दल मुलांच्या मनात काय काय असतं, हे आपण बाहेरून सांगू शकत नाही. इंग्लंडमध्ये पीटर डेनी नावाचे एक धर्मगुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू केलेला बकिंगहॅम हा त्यांचा लेआउट त्यांनी आयुष्यभर वाढवला. त्यात समोरच्या स्टेशनवरून गाड्या पाठवणाऱ्या जोडीदाराचं काम करणारं एक यंत्र त्यांनी बनवलं आणि त्याला आपल्या मुलाचं, क्रिस्पिनचं नाव दिलं. अप्पांच्या लेआउटमध्येही मुलगा कुठेतरी असेल. फलाटावरचं एखादं पोर, एखाद्या दुकानाची पाटी, त्याच्या जन्मतारखेचा डब्यावरचा नंबर. तुम्हाला ठाऊक असेल तर त्याला बोलावून दाखवा. ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधा. मग दिवाळीचं बोला. त्याला तारीख द्या आणि ती पाळा.

डेनी २००९ साली वारले. त्यांचा लेआउट त्यांच्यापेक्षा तरुण अशा एका छंदिष्टाने सांभाळायला घेतला आणि चालता ठेवला. तसं अप्पांच्या बाबतीत होईल का? पूर्ण लेआउटचं बहुधा होणार नाही, हे स्पष्ट सांगते. घरात बांधलेले लेआउट हलवायचे म्हणून बांधलेले नसतात. प्लाय कापला की प्लास्टरचे डोंगर तडकतात, रुळांच्या जोडांत मिलिमीटरभर फरक पडतो आणि गाडी तिथे कायम घसरते. तीन स्टेशनं वाचवायला जाल तर तिन्ही अर्धवट राहतील. माझं ऐकाल तर एकच भाग वाचवा. मी मिरज म्हणेन, कारण तिथे तिन्ही मापं एकत्र आहेत आणि ते तुमचं गाव आहे. पण पंढरपूरवर काकूंचा जीव असेल तर पंढरपूर. बाकीचं तुम्ही स्वतः उतरवा. मजुरांच्या हाती देऊ नका, तुम्ही मित्रांनीच बसून उतरवा. रूळ, सांधे, झाडं, इमारती वेगवेगळ्या ठेवा. उतरवणं हेही अप्पांसोबत घालवलेलंच काम आहे. त्यांनी एखादा खिळा कुठे आणि का मारला, हे उतरवताना जितकं कळतं तितकं बांधतानाही कळत नाही.

विकायचं त्याचं थोडक्यात. यादी करा. ज्याला घ्यायचं नाही अशा दोन जाणकारांकडून किंमत ठरवून घ्या. तुम्हाला स्वतःला काही घ्यायचं असेल तर ते मुलासमोर आधी बोला. सगळा पैसा काकूंच्या हातात. पॅकिंगमध्ये जुना फोम ठेवू नका, तो वर्षानुवर्षांनी विरघळल्यासारखा होतो आणि रंगाला चिकटतो. आवाजाच्या किंवा दिव्याच्या बॅटऱ्या काढून टाका. आणि काकू प्रेमाने डांबरगोळ्या टाकायला येतील, त्यांना थांबवा. त्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडू शकतं. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या हव्यातच.

संग्रहालयाला द्यावं का, हा प्रश्न कुणीतरी काढेलच. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून तिथे लोक गाड्या चालताना बघायला येतात. अप्पांच्या मित्रमंडळींना घेऊन एकदा जरूर जा, मन हलकं होईल. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. पण कुठेही न विचारता खोकी पाठवू नका. एखादं हाताने बनवलेलं इंजिन आणि त्यासोबत तुमच्या वहीची प्रत, असं मोजकं आणि कागदपत्रांसह दिलेलं दान कोणालाही स्वीकारायला सोपं जातं.

शोकसभा मला पटत नाही. हार घातलेला फोटो, तीन भाषणं, मग वडा-चहा आणि सगळे घरी. अप्पांबद्दल एकानेही खरं बोललेलं नसेल. त्याऐवजी लेआउट उतरवण्याच्या आधी एक संध्याकाळ पूर्ण वेळापत्रकाने चालवा. आषाढीचं वेळापत्रक घ्या. कुर्डुवाडीला मुंबईकडून येणाऱ्या मोठ्या गाडीतून वारकरी उतरताहेत आणि पलीकडे छोट्या गाड्या भरून भरून सुटताहेत. एकेकाने एकेक स्टेशन घ्या. कुणी कुर्डुवाडीला, कुणी पंढरपूरला, तुम्ही मिरजेला. मुलाला कंट्रोल रूम द्या, घड्याळ त्याच्याकडे. गाड्या चालू असताना माणसं आपोआप बोलतात: अप्पा खडीच्या रंगावरून कसे रागवायचे, उधार दिलेली सोल्डरिंग गन सहा महिन्यांनी कशी मागायचे, नवशिक्या पोराला आपलं सगळ्यात महागडं इंजिन न बोलता कसे हातात द्यायचे. चिडके होते तर चिडके म्हणा. पुतळा करून ठेवलेल्या माणसाची आठवण फार दिवस टिकत नाही. त्यांच्या शाळेतल्या मुलांनाही बोलवा. त्यातल्या एखाद्याला पुन्हा यावंसं वाटलं, तर तुमच्या रविवारांना जोडीदार मिळेल.

राहिलं कवठे महांकाळ.

इंग्लंडमध्येच, ऑक्सफर्डजवळ पेंडन नावाचं एक संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियातून तिकडे आला आणि त्या भागातली गवती छपरांची जुनी घरं एकेक करून नाहीशी होताहेत हे पाहून त्याने त्यांची मापं घ्यायला सुरुवात केली. १९५४ साली त्यातून पेंडन उभं राहिलं. १९२० ते ३० च्या दशकातलं ते सगळं खोरं, रेल्वेसकट, छोट्या आकारात मांडायचं असा संकल्प होता. तो एका आयुष्यात पुरा होण्यासारखा नव्हताच. रॉय इंग्लंड १९९५ साली वारले. काम थांबलं नाही. दुसरे लोक तिथे येऊन घरं बांधतात, झाडं लावतात. जॉन अहर्न नावाच्या दुसऱ्या एका छंदिष्टाचा लेआउट १९६१ साली ते गेल्यावर तिथेच आणून ठेवला आहे.

तेव्हा कवठे महांकाळ तुम्ही बांधा. वाचवलेल्या भागाला जोडून, तुमच्या घरी. अप्पांच्या हातासारखा हात काढण्याचा प्रयत्न करू नका. त्यांनी रेखाटन ठेवलं असेल तर ते घ्या. नसेल तर स्वतः जाऊन जुने फोटो गोळा करा, गावातल्या म्हाताऱ्यांशी बोला, तुमचं स्टेशन तुमच्या पद्धतीने बांधा. जिथे त्यांचा रूळ संपतो आणि तुमचं काम सुरू होतं, तिथे पाटाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने दोघांची नावं आणि साल लिहून ठेवा. पुढे कधी तुमच्यानंतर कुणी खाली शिरलं तर त्याला कळेल.

पार्सल काकूंच्या समोर उघडा. पावती मुलाकडे द्या, पैसे द्यायचे राहिले असतील तर तो ते चुकते करेल. चाकं नऊ मिलिमीटरच्या नॅरोगेज रुळाची निघाली तर अप्पा दुसरं इंजिन सुरू करण्याच्या विचारात होते असं समजा. त्यांच्या कामाच्या टेबलावर त्याची फ्रेम अर्धवट कापलेली असण्याची शक्यता बरीच आहे. ड्रॉवर तपासताना पितळी पत्र्याचे तुकडे फेकू नका.

— ताई